हे कशावरून?

अहिल्याबाईंच्या जन्माला ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षं पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने इंदुरातली आपण मराठी माणसं पुन्हा एका जुन्या भांडणात गुंतलो. एक बाजू म्हणते, ऐतिहासिक कादंबऱ्या, नाटकं आणि मालिकांनी इतिहासाची पार वाट लावली. लोकांना अस्सल कागद वाचायला द्या, बाकी सगळं बाजूला करा. दुसरी बाजू म्हणते, कागदात जमाखर्च असतो, माणूस भेटतो तो कादंबरीत. कलावंताकडे पुरावे मागणं हा निव्वळ अरसिकपणा. व्याख्यानानंतरच्या चहाला, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच दोन सूर ऐकू येतात. दोन्हीकडची माणसं वाचणारी आहेत, तळमळीची आहेत. तरीही हा वाद भलत्याच जागी घातला जातोय असं माझं ठाम मत आहे. आपण काय वाचतो यापेक्षा वाचताना ‘हे कशावरून?’ असं विचारतो की नाही, यावर सगळं ठरतं. हा प्रश्न कादंबरीला विचारायचा आणि तितक्याच कडकपणे इतिहासाच्या पुस्तकालाही विचारायचा. तो विचारणाऱ्या वाचकाचं कोणतीही कादंबरी काही बिघडवू शकत नाही. न विचारणाऱ्याच्या हाती इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या अस्सल कागदांचे बावीसच्या बावीस खंड दिले, तरी तो त्यांची पोथी करून पूजेलाच लावेल.

कादंबरीवर चिडणाऱ्यांचं दुखणं आधी समजून घेऊ, कारण ते खरं आहे. गोष्टीने मनात कोरलेलं चित्र पुराव्याने सहसा पुसलं जात नाही. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं नावच ‘गड आला, पण सिंह गेला’ असं आहे. तानाजी मालुसरे कामी आला १६७० साली. १६६३ सालच्या पत्रात त्या किल्ल्याचं नाव सिंहगड असं आलेलं आहे. आणि सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी वाक्य आहे ते असं : ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ मला तर हे वाक्य कितीतरी मोठं वाटतं. त्यात राजाने आपला माणूस किल्ल्याच्या बरोबरीने तोलला आहे. पण ते किती जणांना ठाऊक आहे? म्हणजे कादंबरीने एक चुकीची समजूत रुजवली एवढंच झालं नाही, तिच्याखाली त्याहून सुंदर काहीतरी झाकलंही गेलं.

याहून जिव्हारी लागणारं उदाहरण आनंदीबाईचं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोष दिला तो राघोबादादाला. पण भाषेने शिक्षा दिली ती त्याच्या बायकोला. ‘ध’चा ‘मा’ तिने केला, हे आपण पोराबाळांना सांगतो. ज्यावर तिच्या हाताने अक्षर बदललंय असा कागद मात्र आजवर कुणी दाखवलेला नाही. अडीचशे वर्षं एक बाई वाक्प्रचारात जखडून पडली आहे आणि तिच्या बाजूने उभं राहायला कुणी नाही. गोष्ट किती अन्याय करू शकते याचा यापेक्षा भक्कम दाखला कोणता हवा?

पण हाच दाखला जरा उलटून बघा. ‘ध’चा ‘मा’ कुणा कादंबरीकाराने जन्माला घातला का? पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी, ‘मोचनगड’, आली १८७१ साली. ही अक्षरबदलाची कथा कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे, आणि तो छापला गेला १८२६ साली. म्हणजे ज्या ‘खऱ्या’ इतिहासाकडे परत जा असं आपल्याला सांगितलं जातं, तिथेच ती आधीपासून ठाण मांडून बसली होती. मग कादंबरी जाळून आनंदीबाईला कोणता न्याय मिळणार?

आपण माळव्यातल्या मराठी माणसांनी तर हे अधिक ओळखायला हवं, कारण इतिहासाचं पुस्तकही कुठेतरी बसून लिहिलेलं असतं याचा अनुभव आपल्या वाट्याला पुरेपूर आलाय. आपण वाचतो तो मराठ्यांचा इतिहास बराचसा पुण्यात बसून लिहिला गेला. त्यात होळकर येतात ते बहुधा खलनायक म्हणून किंवा कुणाच्या तरी योजनेत मोडता घालणारे म्हणून. पानिपत घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी मल्हारराव रणातून निघून आले, हे खरं. पण त्यांनी आधीपासून शत्रुपक्षातल्या नजीबखान रोहिल्याला पदरी घालून घात केला, नजीब संपला तर पेशवे तुम्हाआम्हाला धोतरं बडवायला लावतील असं ते शिंद्यांना म्हणाले, हे कशावरून? ही गोष्ट येते भाऊसाहेबांच्या बखरीतून. बखर झकास आहे. मराठी गद्यात तिच्या तोडीचं लेखन थोडं. पण तिचा ओढा शिंद्यांकडे आहे, आणि दोन सरदारांमधलं खासगी बोलणं ती असं सांगते, जणू लिहिणारा पडद्याआड कान देऊन बसला होता. संवाद रचायचे, प्रसंग उभा करायचा, एकाला मोठं आणि दुसऱ्याला खोटं पाडायचं हे कादंबरीकाराचंच काम झालं ना? ते एका कारकुनाने अठराव्या शतकात केलं म्हणून आपण त्याला साधन म्हणायचं, आणि विसाव्या शतकात एका लेखकाने केलं की भेसळ? ‘धोतरं बडवण्या’चं ते वाक्य आजही मल्हाररावांच्या नावावर खपतं. ते खपवणारे कितीतरी जण कादंबऱ्यांना नाकं मुरडणारे आहेत.

यशवंतराव होळकरांचं काय झालं तेही बघा. शाळेत आपल्याला ते भेटले पुणं लुटणारा बंडखोर म्हणून, आणि तेही एका ओळीपुरते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या मांडीवर जाऊन बसला. तेव्हा मराठी राज्य बुडवलं ते होळकरांनी, असा सरळ हिशेब. त्याच्या आदल्या वर्षी यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, हे त्या ओळीत मावत नाही. १८०४ साली मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत कर्नल मॉन्सनची फौज या माणसाने पिटाळत नेली, बाकीचे एकेक करून इंग्रजांशी तह करून बसले तेव्हा हा १८०५ च्या अखेरीपर्यंत लढत राहिला, हेही नाही. मराठी घराघरांत त्यांची ही दुसरी बाजू पोचवली ती कुणी? ना. सं. इनामदारांच्या ‘झुंज’ या कादंबरीने. होळकरांचे कागद तेव्हाही होते, अभ्यासकही होते. पण सामान्य वाचकाच्या मनातला निकाल फिरवला तो कादंबरीने. इतिहासाने ज्याला ओळीत गुंडाळलं, त्याला पाचशे पानं देण्याचं काम कधीकधी ललित लेखकाला करावं लागतं. हे ज्याला मान्य नाही त्याने आधी ती एक ओळ का लिहिली गेली याचं उत्तर द्यावं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिचेही फाजील लाड होतात. कादंबरीकार आणि नाटककार म्हणतात, कागद मुके आहेत. फौजेचा खर्च, मामलत, वसुली, हुंड्या यांनी भरलेल्या दप्तरात बायकांचं, बारगिरांचं, पोरांचं मन कुठे सापडणार? तिथे कल्पनेला शिरावंच लागतं. यातलं बरंचसं मला मान्य आहे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडला त्या रात्री अहिल्याबाईंना काय वाटलं हे कुठल्याच दप्तरात नाही, आणि ते जाणून घ्यावंसं वाटणं हा माणुसकीचाच भाग आहे. माझी तक्रार निराळी आहे. जिथे कागद बोलतात तिथेही आमचे कलावंत त्यांचं ऐकत नाहीत, आणि मोकळ्या जागेत कल्पना भरण्याऐवजी भरलेली जागा पुसून तिथे ठराविक देखावा काढतात.

१७६७ चा प्रसंग इंदुरात कुणाला माहीत नाही? सासरे मल्हारराव आदल्या वर्षी गेले, अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेला, आणि गंगाधर यशवंत या दिवाणाच्या सांगण्यावरून राघोबादादा होळकरांची दौलत गिळायला निघाला. रंगमंचावर मग बायकांची पलटण उभी राहते, तलवारी उपसल्या जातात, अहिल्याबाई दहा मिनिटांचं स्वगत म्हणतात. हाच प्रसंग जॉन माल्कमने १८२३ च्या ग्रंथात लिहिला आहे. त्याच्याकडे निरोप आहे तो एवढाच, की बाईशी लढाईत नामुष्की पदरी पडू शकेल, मान कधीच मिळणार नाही. आणि एक तपशील आहे : बाईंनी आपल्या आवडत्या हत्तीच्या हौद्याच्या चारही कोपऱ्यांना धनुष्यं आणि बाणांनी भरलेले भाते बांधायला सांगितले. किती नेमकं आहे हे! पण राघोबा मागे फिरला तो हौदा बघून नव्हे. बाईंनी इतर सरदारांना आपल्या बाजूला ओढलं, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली आणि पेशव्याने काकाला आवरलं. दौलत वाचली ती पत्रांनी, वेळ साधण्याने आणि माणसं ओळखण्याने. राज्यकारभार म्हणतात तो हा. नाटकात मात्र तोच सगळा गळतो, कारण पत्र लिहिणारी बाई रंगमंचावर उठून दिसत नाही अशी आपली समजूत. त्यामुळे आपण गौरव करतो म्हणता म्हणता बाईंचं सर्वांत मोठं कर्तृत्व कापून टाकतो.

१७६५ च्या एका पत्रात मल्हारराव सुनेला लिहितात : चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची होईल तितकी तजवीज कर, वाटेच्या बंदोबस्ताला चौक्या बसव. सासऱ्याने विधवा सुनेला पाठवलेलं हे पत्र! त्यात आशीर्वादांची रेलचेल नाही, हळहळ नाही. सेनापती दुसऱ्या सेनापतीला लिहील तसं लिहिलंय. ज्यांना कागद मुके वाटतात त्यांनी हे पत्र एकदा मोठ्याने वाचावं. आपल्या सगळ्या चित्रांत, पुतळ्यांत बाईंच्या हातात शिवपिंड आहे, ती असायलाही हवी. पण दारूगोळ्याचा हिशेब बघणारी, चौक्यांच्या जागा ठरवणारी तिशी ओलांडलेली अहिल्या आपल्या एखाद्या तरी नाटकात का दिसत नाही? इथे कल्पनेला कुणी अडवलंय? उलट कागदानेच तिला आयतं दार उघडून दिलंय.

‘म्हणजे आडा बाजाराची गोष्टही खोटीच म्हणायची का?’ असं मला एकदा वाचनालयातल्या एका काकूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो मला समजला. राजवाड्यापाशी वाढलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते. मालेरावाच्या रथाखाली वासरू सापडलं, गाय रस्त्यात बसून राहिली, बाईंनी मुलालाही तीच शिक्षा फर्मावली, रथ हाकायला कुणी धजेना तेव्हा स्वतः लगाम हाती घेतले, आणि गायच आडवी आली. म्हणून तो आडा बाजार. आता विचारा, कशावरून? माल्कम बाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारत हिंडला होता. त्याच्या लिखाणात मालेराव येतो तो ब्राह्मणांना द्यायच्या दानात विंचू लपवून ठेवणारा, संशयावरून एका भरतकाम करणाऱ्याला मारून पुढे त्याच भीतीने वेडा होऊन मेलेला. आईनेच त्याला मारवलं अशी वदंता तेव्हाही होती. माल्कमने चौकशी करून ती खोडून काढली आहे. शिवाय वासराची हीच कथा तमिळ मुलुखात मनुनीती चोळ राजाची म्हणून शतकानुशतकं सांगितली जाते, आणि मद्रास हायकोर्टाच्या आवारात त्या राजाचा पुतळा आहे.

मग गोष्ट फेकून द्यायची? मुळीच नाही. घडलं काय ते ती सांगत नाही, पण लोकांना राज्यकर्त्याकडून काय हवं होतं ते ती इतकं स्वच्छ सांगते की दुसऱ्या कुठल्या कागदात तसं सापडणार नाही. पोटच्या पोरालाही सूट न देणारा न्याय इंदूरच्या बाजारातल्या माणसाने बाईंच्या नावावर लिहिला. दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहिला नाही. हाही इतिहासच आहे, फक्त तो गोष्ट सांगणाऱ्यांचा आहे. ‘कशावरून?’ विचारल्याने काकूंची गोष्ट गेली नाही, उलट एकाच्या जागी दोन हाती आल्या. एक वेड्या मुलाच्या आईची, अतिशय दुःखद; आणि दुसरी एका शहराच्या इच्छेची.

आणि हो, माल्कमलाही तोच प्रश्न विचारायला हवा. मी वर त्याच्यावर बराच भार टाकलाय. दुपारी दोनपासून सहापर्यंत दरबार, पूजा-फराळ झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज, ही बाईंची दिनचर्या आपण भाषणांतून ऐकतो तीही त्याच्याच ग्रंथातून आलेली. पण हा माल्कम कोण? २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज मोडणाऱ्या सैन्यातला सेनानी, आणि लगेच जानेवारीत मंदसौरचा तह लिहून घेणारा कंपनीचा माणूस. बाईंचा काळ सोन्याचा होता आणि नंतर अंदाधुंदी माजली, असं चित्र रंगवलं की त्या अंदाधुंदीतून सोडवायला इंग्रज आले हे आपोआप सिद्ध होतं. त्याने बाईंची स्तुती मनापासून केली आहे यात मला शंका नाही. पण यशवंतरावांमागे होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईबद्दल तो जे लिहितो, ते त्याच विश्वासाने घ्यायचं का? महिदपूरच्या आदल्या दिवशी जिचं मुंडकं तिच्याच लोकांनी क्षिप्रेकाठी उडवलं, त्या बाईची बाजू तिच्या शत्रूच्या पुस्तकातून किती कळणार? एक कादंबरीकार तुळसाबाईवर चांगलं लिहू शकेल. त्याने लिहावंच. फक्त कुठपर्यंत माल्कम आहे आणि कुठून पुढे आपण आहोत, हे त्याने वाचकाला सांगावं.

कादंबरी आणि इतिहास ही आपल्याकडे वैऱ्यांची जोडी कधी नव्हतीच. विनायक जनार्दन कीर्तन्यांनी १८६१ साली थोरल्या माधवरावांवर पहिलं ऐतिहासिक नाटक लिहिलं, आणि त्याच दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी ग्रँट डफच्या चुका दाखवणारा निबंध लिहून मराठी इतिहास-संशोधनाचा पाया घातला. पेशवाई बुडून अजून अर्धं शतकही धड उलटलं नव्हतं. ज्या भुकेने नाटक लिहवलं त्याच भुकेने डफला जाब विचारला. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या मुलांना शिकवत असताना त्या शिकवण्यातून ‘रियासत’ या इतिहासग्रंथाचे खंड उभे राहिले. तेच सरदेसाई नंतर पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापतात. समोर ऐकणारी मुलं होती, म्हणून त्यांचं इतिहासलेखन वाचावंसं वाटणारं झालं. आज इतिहास लिहिणारे बहुतेक जण एकमेकांसाठी लिहितात, आणि मग लोक कादंबरीच वाचतात म्हणून कपाळाला हात लावतात. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात होळकरांवरची कादंबरी सापडते. होळकरांवरचं साध्या मराठीतलं, खाली आधार दिलेलं, दोनशे पानांचं नवं पुस्तक शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. यात कादंबरीचा काय दोष?

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याने शेवटी चार पानं द्यावीत : कोणती पात्रं माझी, कोणते प्रसंग माझे, कोणता कागद मी वाचला आणि तरी सोडून दिला. नाटकवाल्यांनी हेच प्रयोगाच्या पत्रिकेत छापावं. यात कलेचं काही कमी होत नाही. ज्याला आपल्या कल्पनेचा अभिमान आहे त्याला ती आपली म्हणून सांगायला लाज का वाटावी? इतिहासकारांनी बखरीतलं वाक्य देताना ते बखरीतलं आहे, हे दर वेळी सांगावं, आणि वर्षाकाठी एक तरी पान असं लिहावं जे दहावीतल्या मुलीला विनासायास वाचता येईल. आणि ज्यांच्या भावना ‘कशावरून?’ एवढ्यानेच दुखावतात त्यांना नम्रपणे सांगायचं की हौद्याला धनुष्यं बांधणारी बाई एका प्रश्नाने लहान होत नाही.

इंदुरातल्या मराठी संस्थांच्या हाती याहून थेट काम आहे. त्या काळचा पत्रव्यवहार मोडीत आहे, आणि राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मुलांना मोडीचं एक अक्षर ओळखता येत नाही. त्रिशताब्दीच्या मांडवांवर आणि रोषणाईवर जो पैसा झाला त्याच्या लहानशा हिश्शात एक मोडी वर्ग वर्षभर चालेल. शनिवारी दोन तास, शिकवायला एक जाणता, समोर होळकरांच्या पत्रांच्या छायाप्रती. नाटकाचा प्रयोग बघून भारावलेल्या मुलांनाच आधी त्या वर्गाला बोलवावं. ज्यांना पुढे काय झालं हे जाणून घ्यायचंय, तीच मुलं तिथे टिकतील.